मोकळी खुंटी

गावाबाहेरच्या चढावर ते मोठं कोठार उभं होतं तोवर आत शिरणारा प्रत्येक जण मान मागे टाकून आधी वर बघायचा. बघण्यासारखं होतंच म्हणा. कवेत न मावणारे खांब, खांबांवर आडव्या तुळया, तुळयांना तिरके टेकू, आणि अगदी वर, उजेड पोचत नाही तिथे, आढं. डाव्या हाताला गाईंची जागा, उजव्या हाताला धान्याची, डोक्यावर गवताचा माळा, आणि मधून भरलेली गाडी आत येऊन वळून बाहेर जाईल एवढी वाट. सगळा सांगाडा लाकडाचा. भिंती म्हणजे नुसत्या फळ्या. त्या काढून टाकल्या तरी सांगाडा आपला जागच्या जागी. वर बघून लोक म्हणायचे, काय माणसं असतील ती. मग म्हाताऱ्या मिस्त्रींचं नाव निघायचं, त्यांच्या थोरल्या मुलाचं निघायचं. धाकटे मिस्त्री तर अजून हयात, त्यामुळे त्यांचं नाव ते स्वतःच काढायचे.

एवढं सगळं एकमेकांना धरून कशाने आहे, हे मात्र कधी कुणी विचारलं नाही. एक खिळा नाही, एक बोल्ट नाही. आहेत त्या खुंट्या. वीतभर लांब, अंगठ्याएवढ्या जाड, लाकडाच्या. पण माणसाला मोठं तेवढं दिसतं, आणि खुंटी तर बिचारी अर्धीअधिक आतच असते. त्या कोठारातल्या झाडून सगळ्या खुंट्या जिने तासल्या तिला गाव खुंटीकाकू म्हणायचं, आणि हे नाव का पडलं तेसुद्धा पुढे पुढे लोक विसरले. काहींना वाटायचं, बाई काटकुळी आणि ताठ आहे म्हणून असेल.

लग्न होऊन ती मिस्त्र्यांच्या घरात आली तेव्हा खुंट्यांचं काम आत्याबाईंकडे होतं. आत्याबाई म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. त्यांचे हात कापायला लागले होते. नव्या सुनेचं कौतुक चार दिवस, असं माहेरी तिला सांगूनच पाठवलं होतं. इथे तेवढेही मिळाले नाहीत. आत्याबाईंनी तिला घरामागच्या कामाच्या खोलीत नेलं, ओंडक्यावर बसवलं आणि दोन मुठींची सुरी हातात दिली. खुंट्या त्या घरात बायकाच करायच्या. का, तर ते काम बसून करायचं असतं आणि उभ्याने करायची कामं पुरुषांची, एवढंच त्यामागचं शास्त्र.

काम दिसायला सोपं होतं. तुळईच्या टोकाला एक जीभ काढायची, खांबात तेवढीच खाच पाडायची, जीभ खाचेत सरकवायची आणि दोघांतून आरपार खुंटी मारायची. गोम अशी, की खांबातलं भोक आणि जिभेतलं भोक मुद्दाम सूतभर मागेपुढे ठेवलेलं असे. खुंटी आत जाताना जरा वाकते आणि वाकता वाकता सांधा आवळून घेते. म्हणजे खुंटी वाकली पाहिजे पण मोडता कामा नये. त्यासाठी तिचं लाकूड करवतीने कापायचं नाही, फोडायचं. करवत लाकडाच्या शिरा मधेच तोडते. फोडलेलं लाकूड चुलीच्या वरच्या फळीवर अख्खा हिवाळा वाळवायचं. मग तासून आठ कडा काढायच्या, म्हणजे त्या कडा भोकात रुतून बसतात. सांगाडा ओल्या लाकडाचा, खुंटी वाळलेल्या लाकडाची. सांगाडा जसजसा सुकतो तसतसा खुंटीला घट्ट धरत जातो. तिने हे सगळं एका हिवाळ्यात उचललं, आणि दुसऱ्या हिवाळ्यात आत्याबाईंनी सुरी मागायचंच सोडून दिलं.

आणि दर सांगाड्यात एक खुंटी वेगळी असायची. तिला घरात मोकळी खुंटी म्हणत. सासऱ्यांचा नियम होता, त्यांच्या वडिलांचाही तोच: जे बांधलं ते कधीतरी कुणाला सोडवावं लागणारच. शेत विकलं जाईल, भावाभावांत वाटण्या होतील, नदी काठ खाईल. तेव्हा आरी न लावता सांगाडा सुटला पाहिजे. म्हणून सगळ्यात वरचा, सगळ्यात शेवटी बसणारा जो सांधा, त्याची भोकं समोरासमोर ठेवायची आणि तिथे गोल खुंटी घालायची. काचेच्या तुकड्याने घासून गुळगुळीत केलेली, रात्रभर गरम मेणात मुरवलेली, आणि बोटभर शेपूट बाहेर राहील अशी. उद्या सोडवणारा येईल तो ती शेपूट शोधेल, खुंटी काढेल, त्या सांध्याला ढील मिळेल, मग शेजारच्याला, ताण सुटला की आठ कडांच्या खुंट्याही मागून ठोकून निघतील, आणि सांगाडा जसा चढला त्याच्या उलट क्रमाने मुकाट उतरेल. ही खुंटी आत्याबाईंनंतर घरात एकट्या तिलाच जमायची.

नवरा, म्हणजे थोरले मिस्त्री, देखणा आणि बोलका. तुळईवरून अंगणात फिरावं तसा चालायचा. घरी पाहुणा आला की तिच्याकडे हात करून म्हणायचा, हिचं काय, बसून असते, खुंट्या तासते. पाहुणा गेला की म्हणायची, तुम्ही उभे असता ते माझ्या बसण्यावर. तिच्या जिभेलाही आठ कडा होत्या. नवरा हसून सोडून द्यायचा. त्याला वाटायचं, बायको गमतीने बोलते.

सांगाडा उभा करायच्या दिवशी बायकांना नेत नसत. तिथे बायकांचं काय काम, असं विचारलं की संपलं. खुंट्यांचं पोतं भरून जायचं आणि रिकामं परत यायचं. आपल्या कामाचं तिला इतकंच दर्शन. पोतं झटकताना तळाशी कधी भुसा निघे. तो ती झाडून टाकायची आणि पुढच्या खुंट्यांना बसायची.

चढावरचं ते कोठार एका दुधाच्या मोठ्या धंदेवाल्याचं. त्याआधी एवढा सांगाडा या घराने कधी केला नव्हता. आतल्या खोलीत खुंट्यांचा ढीग साचत होता, बाहेर तुळया एकीवर एक रचल्या जात होत्या, सासरे दिवसाला दहा वेळा आभाळाकडे बघत होते. आणि नेमका त्याच दिवसांत माहेरून निरोप आला. भावाने एका ट्रकवाल्याबरोबर सांगून पाठवलं होतं: आईचं काही खरं नाही, तुझ्या नावाचा धोशा लावलाय, येऊन जा. माहेर बसने पुऱ्या दिवसाच्या अंतरावर.

तिने सुरी खाली ठेवली आणि सासऱ्यांना जाऊन सांगितलं. सासरे काही दुष्ट नव्हते. ते म्हणाले, जा ना, जायलाच हवं. मग म्हणाले, मोकळी खुंटी तेवढी करून जा. उद्या वरचे सांधे बसायचे, आणि ती दुसऱ्या कुणाच्या हातची व्हायची नाही. तिने नवऱ्याकडे बघितलं. नवरा म्हणाला, एका दिवसाने काय होतंय.

ती बसली. दुपारची बस गेली ती तिने खिडकीतून बघितली. राग आला की हात जास्त नेमका चालायचा, ही तिची जित्याची खोड. त्या दिवशी खुंटी अशी झाली की तिला स्वतःलाच तिच्यावरून बोट फिरवत राहावंसं वाटलं. रात्रभर खुंटी मेणात राहिली. सकाळी काढून, पुसून, तिने ती धाकट्या दिराच्या हातात दिली, कारण नवरा आणि सासरे आधीच कामावर गेले होते. म्हणाली, भावोजी, सांभाळून न्या. भावोजींनी ती कोटाच्या खिशात टाकली आणि शीळ घालत चढाकडे गेले. मग तिने पहिली बस धरली.

आई आदल्या संध्याकाळी गेली होती. भाऊ दारातच उभा होता. तो रागावला नाही, रागावला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "काल दिवसभर दाराकडे बघत होती."

ती सासरी परतली तेव्हा कोठार उभं राहिलं होतं. नवऱ्याने आईचं वाईट झालं म्हटलं, जेवताना दोनदा म्हटलं. मग त्याने आपल्या परीने समजूत घातली. "तू काय मजेने थांबलीस का? तुझी खुंटी नसती तर सगळं अडलं असतं." नवऱ्याच्या तोंडून तिच्या कामाबद्दल असलं वाक्य आयुष्यात एकदाच निघालं, आणि तेही या वेळी. तिने ते धरून ठेवलं. रात्री आईचे डोळे आठवले की ती मनात म्हणायची, काम अडलं असतं. आईने मला कामचुकार व्हायला शिकवलं नव्हतं. थांबावंच लागलं. या एका वाक्यावर तिने पुढचं सगळं आयुष्य काढलं. त्याखेरीज तिच्याजवळ दुसरा आधारही नव्हता.

कोठार बघायला मात्र ती गेली नाही. आधी रागाने, मग सवयीने. बसमधून येता-जाता त्याचं छप्पर दिसे. ती दुसऱ्या खिडकीकडे तोंड करून बसायची.

मग लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट आले. खुंटी करायला लागतो अख्खा हिवाळा, बोल्ट दुकानात डब्यात मिळतो. गरज सरो आणि वैद्य मरो. खुंट्यांची मागणी गेली. सासरे गेले, आत्याबाई त्याआधीच गेल्या होत्या, मग नवराही गेला. मूलबाळ नव्हतं. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, पण इथे वासे फिरायच्या आधीच पुढचं घर दिराकडे आलं होतं आणि ती घरामागच्या कामाच्या खोलीत राहायला गेली. जेवायला पुढच्या घरी. दीर गोडबोल्या, कुणाशी वाकडं नाही, कुणासाठी चार पावलं चालायचीही नाहीत. जाऊ बरी होती. रोज दोनदा खुंटीकाकू पुढच्या दाराने आत यायची, आपली कापडी पिशवी दारामागच्या खुंटीला अडकवायची आणि स्वयंपाकघरात जायची. त्या खुंटीवर सगळ्या घराचे कोट, टोप्या, छत्र्या. दाराबरोबर तिलाही दर वेळी हिरवा रंग मारलेला. हात सवयीने कोटांखाली जायचा आणि पिशवी अडकायची. दुसऱ्यांना ती नेहमी टोमणा मारायची की खुंटी कुणी बघत नाही. तिनेही कधी ती बघितली नाही.

मग दुधाचा धंदा बसला. धंदेवाल्याच्या नातवाने जमीन विकली. तळ्याकाठी एक हॉटेल होत होतं, त्याच्या मालकाला ते कोठार हवं होतं. सांगाडा सोडवायचा, नेऊन तळ्याकाठी पुन्हा उभा करायचा आणि खाली टेबलं मांडायची. काम घेतलं धाकट्या मिस्त्रींच्या मुलाने. हा पुतण्या ठेकेदार. मोबाइल कानाला आणि पाय गाडीत, असा चोवीस तास. तो एका दुपारी तिच्या खोलीत आला, ओंडक्यावर बसला आणि म्हणाला, काकू, तुमची ती मोकळी खुंटी त्यात असणार ना?

"असणार म्हणजे काय? आहे."

मग आठवडाभरात उतरवतो, तो म्हणाला. मालकाची अट आहे की तुळईला आरी लागता कामा नये. एक सांधा ड्रिलने पोखरून बघितला तर खांबच उलला. आता तुमच्या खुंटीवर भिस्त आहे.

तो गेल्यावर ती बराच वेळ सुरी हातात घेऊन बसली. तासायला काही नव्हतं. आता ती खुंटी कुणीतरी ओढणार होतं. ज्यासाठी केली त्यासाठी लागणार होती. ती निघाली, सांगाडा अख्खा उतरला, तळ्याकाठी पुन्हा उभा राहिला, की मग त्या दिवसाचा हिशेब कुठेतरी लागला असं म्हणता येईल. आई परत येणार नव्हती, एवढं तिला कळत होतं. पण तो दिवस वाया गेला नाही, हे तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. दुसरं तिचं काहीही मागणं नव्हतं.

फळ्या उतरवल्या, कौलं उतरवली. मग एका सकाळी पुतण्याची गाडी येऊन थांबली. चला, तो म्हणाला. तुमची खुंटी हलत नाही.

ती आयुष्यात पहिल्यांदा त्या कोठारात गेली. फळ्यांविना ते सगळीकडून उघडं होतं, ऊन आरपार येत होतं. तिने वर बघितलं नाही. पहिल्याच खांबाशी थांबून तिने डोळ्यांसमोरच्या खुंटीवर बोट ठेवलं. कडा अजून बोटाला लागत होत्या. मग दुसऱ्या खांबाशी, मग तिसऱ्या. एकेक खुंटी तिला ओळखू येत होती असं नाही, पण हात आपलाच आहे हे कळत होतं. तिला अभिमान वाटला, आणि तो वाटायला इतका उशीर झाला याचा रागही आला.

मागे पुतण्या फोनवर हॉटेलवाल्याशी बोलत होता. ती ऐकते आहे याची त्याला फिकीर नव्हती. "नाही हो, आमच्या काकूंनीच ती खुंटी घट्ट केलीय. तेव्हाच चुकलंय. जुनी माणसं, आता काय बोलायचं?" कामगार तिच्याकडे बघत होते. वाटेत एका प्लास्टिकच्या खुर्चीत धाकटे मिस्त्री चहा पीत बसले होते. ते कुणाकडेच बघत नव्हते.

ती म्हणाली, मला वर न्या. पुतण्या म्हणाला, या वयात? ती म्हणाली, खुंटी माझ्या वयाने अडलेली नाही. शेवटी क्रेनच्या पाळण्यात तिला बसवलं, शेजारी एक कामगार उभा राहिला, आणि पाळणा आढ्यापर्यंत गेला. शेवटच्या सांध्यात, बरोबर जागी, बोटभर शेपूट बाहेर आलेली होती. खालून बघणाऱ्याला वाटावं, सगळं नियमाप्रमाणे आहे. तिने ती शेपूट दोन बोटांत धरली.

कडा होत्या. आठही.

तिने पुन्हा पुन्हा चाचपून बघितलं. ही खुंटी तिचीच होती, त्यात शंका नाही. पोत्यातली होती, साधी. समोरासमोरच्या भोकात ठोकून ठोकून बसवलेली, आणि इतक्या वर्षांत चारी बाजूंनी लाकडाने आवळलेली. ती निघणार नव्हती. ती निघू नये अशीच तासलेली होती.

पाळणा खाली आला. ती चालत खुर्चीपाशी गेली.

"भावोजी, वर आठ कडांची खुंटी आहे."

धाकटे मिस्त्री कपात बघत म्हणाले, "असेल."

"मी गोल दिली होती. तुमच्या हातात दिली होती."

पुतण्याने फोन खाली घेतला. धाकट्या मिस्त्रींनी कप गुडघ्यावर ठेवला, मान खाजवली, आणि मग एखादा जुना किस्सा सांगावा तसं सांगायला लागले.

"अहो वहिनी, त्याला किती जमाना झाला. वर चढलो, सांधा बसला, खिसा चाचपतो तर खुंटी खाली कोटात. कोट खाली टांगलेला. आता तेवढ्यासाठी खाली उतरा, परत चढा. बाबा खालून ओरडत होते. कमरेला साध्या खुंट्या होत्या, त्यातली एक हाणली. शेपूट तेवढी ठेवली, म्हणजे बाबांना खालून दिसावी. कुणाच्या लक्षात आलं नाही बघा." शेवटचं वाक्य बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जराशी शाबासकी होती, स्वतःचीच.

"मग ती कुठे गेली?"

"जाते कुठे? इतकी गुळगुळीत खुंटी, टाकवेना. घरीच आहे की. दारामागे ठोकली. कोट अडकवतो ती."

पुतण्या खो खो हसला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो म्हणाला, आणि आम्ही इथे क्रेनला पैसे मोजतोय. त्याच्या मागे दोन कामगारही हसले. काकूंवर ठेवलेला ठपका उचलायचा राहिला, पण ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, आणि मग चोर सापडला तर त्याची गंमत वाटली.

ती हसणं थांबेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "त्या खुंटीसाठी मी एक दिवस थांबले होते."

"हो ना," धाकटे मिस्त्री म्हणाले. आवाजात खरीच हळहळ होती. ते तसे वाईट नव्हते, त्या घरात कुणीच वाईट नव्हतं. "तुमच्या आईचं तेव्हाच झालं. मला फार वाईट वाटलं होतं." आणि मग, आपल्या भावाने इतक्या वर्षांपूर्वी केली होती तशीच तिची समजूत घालायला म्हणून, ते पुढे बोलले. "पण तुमच्या खुंटीवाचून काही अडलं नाही बघा वहिनी. राहिलंच की उभं इतकी वर्षं."

तिच्याजवळ तेवढं एकच वाक्य होतं आणि ते दिराने आत्ता चहाबरोबर घेऊन टाकलं होतं.

पुतण्या पुन्हा फोनवर होता. सोडवता येत नाही, मोकळी खुंटीच नाही त्यात. पलीकडून काहीतरी बोलणं झालं. बरं, तो म्हणाला, म्हणजे अट तुम्हीच सोडताय ना? ठरलं ते असं, की तुळया कापायच्या, तळ्याकाठी लोखंडी पट्ट्यांनी जोडायच्या, वरून काळपट रंग मारायचा. जेवायला येणारा कोण कशाला बघतोय. त्याने हात वर करून कामगारांना खूण केली.

घरापर्यंत सोडतो, असं त्याने म्हटलं, पण ती चालत निघाली. चढाच्या मध्यावर आली तेव्हा मागे यांत्रिक आरी सुरू झाली. सांधे सुटत नव्हते म्हणून आरी सांध्याच्या शेजारून चालवत होते. तुळई वेगळी होत होती आणि तिची जीभ खुंटीसकट खांबात तशीच राहत होती. तिने हे वळून बघितलं नाही. ते तसंच होणार हे तिला बघायची गरज नव्हती. तिला दिसत होती ती दुपारची बस, खिडकीतून गेलेली. त्या बसमध्ये ती बसू शकली असती. पोचेपर्यंत अंधार पडला असता, संध्याकाळ चुकलीच असती कदाचित. पण कदाचित नसतीही. आजवर तिने हा हिशेब कधी मांडला नव्हता, कारण काम अडलं असतं. आता मांडायला काही हरकत उरली नव्हती, आणि तो काही केल्या सुटत नव्हता. नवऱ्यावर राग काढावा तर नवरा नाही, सासऱ्यांवर काढावा तर त्यांना ठाऊकच नव्हतं. दिरावर काढावा तर काय म्हणून? खाली उतरायचा कंटाळा आला म्हणून?

घरी जाऊ स्वयंपाकघरात होती. जेवायची वेळ झाली नव्हती, म्हणून तिने आतून विचारलं, आज लवकर? दार लोटून खुंटीकाकू दारामागे उभी राहिली आणि खुंटीवरचं एकेक खाली काढायला लागली. दिराचा कोट, पुतण्याचा कोट, छत्री, जावेची शाल, तिची स्वतःची पिशवी. खुर्चीवर ढीग झाला. खाली हिरवी खुंटी राहिली, रंगाचे थर बसून बसून जाडजूड झालेली. कित्येक वर्षं रोज दोनदा तिने हिच्यावर पिशवी अडकवली होती.

तिने ती धरली आणि जराशी फिरवली. मुळाशी रंग तडकला. मग दोन बोटांनी ओढली, आणि ती निघाली. सहज निघाली. सहज निघावी अशीच केलेली होती. भिंतीच्या फळीत होता तेवढा भाग बिनरंगाचा होता, पिवळसर, गोल, आणि त्यावरून बोट फिरवलं तर मेण अजून हाताला लागत होतं.

जाऊ हात पुसत बाहेर आली, खुर्चीवरचा ढीग बघितला, फळीतलं भोक बघितलं. "अहो जाऊबाई, हे काय केलंत? आता कोट कुठे अडकवायचे?"

खुंटीकाकूने खुंटी पिशवीत टाकली आणि पिशवी खांद्याला लावली.

"खिळा मारा," ती म्हणाली.